डॉक्टर अनेक, वही एक

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें वय साठीच्या पलीकडे गेलें आहे, त्यांना 'घरचे डॉक्टर' चांगले आठवत असतील. आजोबांचा दमा, आईचें बाळंतपण, मुलांचा गोवर आणि धाकट्या काकांचें पित्त हें सर्व त्या एकाच गृहस्थाला ठाऊक असे. ते घरीं येत, चहा घेत, आणि नाडी पाहतां पाहतां फडताळावरच्या बाटल्यांवरूनही नजर फिरवीत. आतां वैद्यकविद्या पुष्कळ पुढें गेली आहे. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, दातांचे वेगळे, मनाचे व झोपेचे वेगळे. या प्रगतीमुळें अनेकांचे प्राण वांचले आहेत, आणि तिला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु तिच्या ओघांत एक गोष्ट हरवली, ती मात्र मान्य केली पाहिजे. पूर्वीं एक मनुष्य रोग्याला सगळा पाहत असे. आतां प्रत्येक तज्ज्ञ त्याचा एकेक भाग पाहतो, आणि सगळा रोगी कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं.

एरवीं या उणिवेमुळें थोडा खर्च वाढतो, चार तपासण्या दोनदां होतात, इतकेंच. पण औषधांचा एक वर्ग असा आहे कीं, त्याच्या बाबतींत ही उणीव जिवावर बेतूं शकते. तो वर्ग म्हणजे अफूच्या कुळांतील वेदनाशामक औषधें. या महिन्यांत त्यांच्याविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

अफूचें नांव निघतांच सुशिक्षित घरांतील मंडळी दचकतात. आपला तिच्याशीं काय संबंध, असें त्यांना वाटतें. संबंध आहे, आणि तो औषधांच्या डब्यांतच आहे. जर्मन औषधशास्त्रज्ञ सेर्ट्यूर्नर यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अफूंतून मॉर्फिन वेगळें काढलें. पुढें १८३२ मध्यें फ्रान्समधील रोबिके यानें कोडीन काढलें. तें आजही खोकल्याच्या कांहीं औषधांत असतें. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल हीं तर प्रयोगशाळेंत तयार झालेलीं. त्यांत खसखशीच्या बोंडाचा चीक नसतो, पण त्यांचें काम त्याच मार्गानें चालतें. या सर्वांना मिळून 'ओपिऑइड' असें म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर किंवा कंबरेच्या असह्य दुखण्यावर 'जरा जोराची गोळी' म्हणून जी मिळते, ती पुष्कळदां ट्रॅमाडॉलची असते.

हीं औषधें दुखण्याचें मूळ काढीत नाहींत. मेंदू व मज्जारज्जु यांतील ठराविक जागीं तीं जाऊन बसतात आणि वेदनेची जाणीव बोथट करतात. तसल्याच जागा मेंदूच्या त्या भागांतही आहेत, जो आपण झोपेंत असतांनाही श्वास चालू ठेवतो. योग्य मात्रेंत वेदना कमी होते आणि श्वास व्यवस्थित चालतो. मात्रा वाढली, किंवा गुंगी आणणारें दुसरें औषध तिच्या जोडीला आलें, म्हणजे श्वास मंद होत जातो. आणि रोगी झोपलेला दिसत असल्यामुळें घरच्यांच्या तें ध्यानांतही येत नाहीं. या औषधांनीं घडलेला मृत्यु बहुधा असाच, गाजावाजा न करतां येतो.

आतां एका घराची कल्पना करा. असें घर आपल्या आळींत सहज सांपडेल. आजींचें वय ७८. गुडघे दुखतात म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनीं ट्रॅमाडॉल व पॅरासिटॅमॉल यांची एकत्रित गोळी दिली आहे: दोन गोळ्या, दिवसांतून तीन वेळां. झोप येत नाहीं म्हणून कोणीं तरी पूर्वीं अल्प्राझोलाम लिहून दिलें होतें, तें चालूच आहे. पायांत मुंग्या येतात म्हणून मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीं प्रीगॅबालिन दिलें. अशांत दाढ काढावी लागली, आणि दंतवैद्यांनीं चार दिवसांसाठीं एक गोळी तीन वेळां घेण्यास सांगितलें. तिचें वेष्टन वेगळें, रंग वेगळा, कंपनी वेगळी. परंतु आंत तेंच ट्रॅमाडॉल आणि तेंच पॅरासिटॅमॉल. 'आणखी कांहीं औषध चालू आहे का?' असें दंतवैद्यांनीं विचारलेंही होतें. सोबत आलेल्या नातवानें उत्तर दिलें, 'हो, बी.पी.ची गोळी घेते.' त्याला तेवढेंच ठाऊक होतें.

आतां हिशेब पाहा. या एकत्रित गोळींत सामान्यतः ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल व ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असतें. अशा नऊ गोळ्या झाल्या म्हणजे ट्रॅमाडॉल ३३७.५ मिलिग्रॅम होतें. पंचाहत्तरीच्या पुढील माणसासाठीं दिवसाची कमाल मर्यादा ३०० ची आहे. अंग कसकसतें म्हणून ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी दोनदां घेतली, तर पॅरासिटॅमॉलची बेरीज ४२२५ वर जाते; धडधाकट प्रौढ माणसानेंही ४००० ओलांडूं नये, कारण पुढें यकृताला इजा होते. याशिवाय अल्प्राझोलाम आणि प्रीगॅबालिन यांची गुंगी आहेच. अफूवर्गीय औषध आणि अल्प्राझोलामसारखीं झोपेचीं वा चिंतेचीं औषधें एकत्र घेतल्यास श्वास बंद पडण्याचा धोका आहे, अशी ठळक चौकटींतील सूचना वेष्टनावर छापण्याचा हुकूम अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१६ मध्यें काढला. प्रीगॅबालिनच्या वर्गाविषयीं तसाच इशारा २०१९ मध्यें दिला गेला. मद्याविषयीं तर निराळें सांगणें नलगे.

या कथेंत कोणत्या डॉक्टरांनीं चूक केली? प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी पाहिली तर ती बरोबरच दिसते. 'सात सुगरणी आणि भाजी अळणी' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें प्रकार उलटा झाला. प्रत्येक सुगरणीनें आपल्या हातानें बेताचेंच मीठ घातलें, आणि भाजी खारट झाली. पातेल्यांत आधीं किती मीठ पडलें आहे हें सांगणारें माणूस स्वयंपाकघरांत नव्हतें.

तें माणूस डॉक्टरांच्या दवाखान्यांत मिळणार नाहीं. तें घरांतच नेमावें लागेल, हें आमचें आजचें मुख्य सांगणें आहे. एकत्र कुटुंबाला तर तें अधिकच लागू आहे. आजाऱ्याजवळ नेहमीं कोणी ना कोणी असतें हा एकत्र कुटुंबाचा मोठा गुण. पण या प्रकरणीं तोच दगा देतो. दुपारीं कण्हणें ऐकून थोरल्या सूनबाई एक गोळी देतात. संध्याकाळीं कचेरींतून परतलेले चिरंजीव जवळ बसून विचारतात, 'आई, फार दुखतंय का गं?' आणि दुसरी देतात. रात्रीं लेकीचा फोन येतो आणि तिच्या आग्रहानें तिसरी दिली जाते. आजी, कोणाचें मन मोडूं नये म्हणून, तिन्ही घेतात. माया सर्वांचीच खरी; पण ती मोजणारें कोणी नाहीं.

दुसरा प्रकार उरलेल्या गोळ्यांचा. मागच्या वर्षीं मामांच्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या गोळ्या पडून आहेत, अमेरिकेहून आलेल्या मुलानें तिकडच्या दोन पट्ट्या ठेवून दिल्या आहेत, आणि कोणाची पाठ धरली कीं 'मला यानें बरें वाटलें होतें' म्हणून त्या पुढें केल्या जातात. मामांना मानवलेली मात्रा दुसऱ्याला मानवेलच असें नाहीं. मूत्रपिंडें दुबळीं असलीं तर मॉर्फिन व कोडीन यांचे अवशेष शरीरांत सांचून राहतात. मनाच्या आजारावरील कित्येक औषधांबरोबर ट्रॅमाडॉल गेलें, तर घाम, थरथर, अस्वस्थता आणि क्वचित् आंकडीही येते. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन असलेलें खोकल्याचें औषध देऊं नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनें कोडीन वा ट्रॅमाडॉल टाळावें. कारण तें दुधांतून बाळाच्या पोटीं जातें. एके काळीं मुंबईच्या गिरणगांवांत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजविण्यासाठीं अफूची बाळागोळी देत, हें ऐकून आपण हळहळतों. न विचारतां घेतलेल्या खोकल्याच्या औषधानें तीच गोष्ट आपल्या शिकल्यासवरल्या घरांत घडूं नये.

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें नव्हे. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' हा औषधांचा वर्ग अंमलांत आला, आणि त्यांत ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम इत्यादींचा समावेश आहे. हीं औषधें विकतांना दुकानदारानें डॉक्टरांचें व रोग्याचें नांव, औषध आणि त्याचें प्रमाण हीं स्वतंत्र वहींत नोंदवावीं, व ती वही तीन वर्षें जपून ठेवावी, असा नियम आहे. पुढें एप्रिल २०१८ मध्यें ट्रॅमाडॉल हें १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेंतही आलें. परंतु दुकानदाराची वही त्याच्या दुकानापुरती असते. नाक्यावरच्या दुकानांतून नेलेली पट्टी स्टेशनाजवळच्या दुकानदाराला कशी दिसावी?

अमेरिकेंतील गोष्ट या संदर्भांत सांगण्याजोगी आहे. तेथें १९९६ मध्यें 'ऑक्सिकॉन्टिन' या नांवाची, दीर्घकाळ काम करणारी ऑक्सिकोडोनची गोळी बाजारांत आली. तिच्या व्यसनाच्या धोक्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा संबंधित कंपनीनें २००७ मध्यें न्यायालयांत कबूल केला. तोंवर व्हावयाचा तो अनर्थ सुरू झाला होता. आतां तेथील जवळजवळ प्रत्येक राज्यांत अशा औषधांची नोंद एका सरकारी दफ्तरांत होते, आणि चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं डॉक्टरांना ती पाहतां येते. व्यसनापायीं दहा दवाखाने हिंडणारे लोक जगांत आहेत, आणि म्हणून डॉक्टरांना विचारणें भाग पडतें. पण एकापेक्षां अधिक डॉक्टरांकडे जाणाऱ्या बहुतेकांच्या मनांत कांहीं काळें नसतें. त्यांना दुखणींच अनेक असतात. तेव्हां डॉक्टरांनीं 'अशी गोळी आणखी कोणाकडून घेतां का?' असें विचारलें, तर तो आपल्या प्रतिष्ठेवरचा घाला समजूं नये. किंबहुना त्यांनीं विचारण्यापूर्वीं आपणच सांगावें.

तर मग घरानें करावें काय? आम्हांस चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली, एक मुख्य डॉक्टर ठरवावे. वेदनेचें जोराचें औषध लिहिण्याचा आणि बदलण्याचा अधिकार शक्यतों एकाकडेच असावा. इतर तज्ज्ञांना नम्रपणें सांगावें, 'दुखण्याची गोळी अमुक डॉक्टर देतात. आपणांस बदल करावासा वाटला तर कृपा करून त्यांच्याशीं बोलावें.' कोणताही समंजस डॉक्टर यानें रागावणार नाहीं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती आगाऊ द्यावी.

दुसरी, एक वही घालावी. पाठकोऱ्या चिठ्ठ्यांनीं फुगलेली पिशवी म्हणजे वही नव्हे. ती 'एक ना धड, भाराभर चिंध्या' या जातीची. वहींत औषधाचें व्यापारी नांव तर लिहावेंच, पण त्याखालीं बारीक अक्षरांत छापलेलें घटकाचें नांव आणि मिलिग्रॅम अवश्य लिहावे. दोन पट्ट्यांत एकच औषध असल्याचें तेथेंच उघडकीस येतें. कोणीं दिलें, कशासाठीं, केव्हांपासून व केव्हांपर्यंत, हेंही लिहावें. वैद्यांचा काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, चिठ्ठीवांचून आणलेलें खोकल्याचें औषध, कांहींही वगळूं नये. जुना मूत्रपिंडाचा, यकृताचा वा दम्याचा विकार आणि झोपेंत श्वास अडकण्याची संवय पहिल्याच पानावर असावी. प्रत्येक मात्रा दिल्यावर वेळ टिपावी. परगांवच्या मुलांना त्या पानाचें छायाचित्र मोबाइलवर पाठवितां येतें. मग ती काळजी फोनवरून गोळ्या द्यायला लावण्याऐवजीं चार मायेच्या शब्दांत प्रकट होऊं शकते.

तिसरी, औषधें एकाच दुकानांतून आणावीं. ओळखीचा, जाणता दुकानदार वही पाहून 'हीं दोन बरोबर कशीं?' असा प्रश्न करूं शकतो. तो चौकस प्रश्न तुम्हांस खोळंबा वाटला तरी त्याचे आभार माना.

चौथी, एक हात आणि एक किल्ली. गोळी कोणीं द्यावयाची तें ठरवावें, आणि तो माणूस घरीं नसेल तेव्हां वही दुसऱ्याच्या हातीं सोंपवावी. औषध कुलुपांत असावें; घरांत लहान मुलें असतात, आणि मोठीं होत असलेलीं, कुतूहल असलेलीं मुलेंही असतात. काम संपल्यावर उरलेल्या गोळ्या 'असूं द्या, लागतील' म्हणून ठेवूं नयेत. त्यांची विल्हेवाट कशी लावावी तें दुकानदारास किंवा रुग्णालयांत विचारावें. आजाऱ्याचें डोकें शाबूत असेल तर ही सारी व्यवस्था त्याच्याशीं बोलून, त्याच्या संमतीनें करावी. आयुष्यभर ज्या माउलीनें कोठीच्या किल्ल्या संभाळल्या, तिच्यापासून तिचेंच औषध चोरून ठेवल्यासारखें वागणें शोभत नाहीं.

औषध घेतांनाच्या कांहीं गोष्टी येथेंच सांगतों. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडूं, कुटूं वा चावूं नयेत. बारा तासांची मात्रा एकदम अंगांत जाते. फेंटानिलची चिकटपट्टी बहुधा बहात्तर तासांसाठीं असते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास औषध अधिक वेगानें आंत शिरतें. बद्धकोष्ठ होतोच, त्यावर डॉक्टरांकडून आरंभींच उपाय मागून घ्यावा. आणि पुष्कळ दिवस चालू असलेली गोळी मनानें एकाएकीं बंद करूं नये. शरीराला तिची संवय लागलेली असते. ती तुटली कीं घाम, जुलाब, अंगदुखी आणि तळमळ सुरू होते. अशी शरीराची संवय म्हणजे व्यसन नव्हे. मात्रा टप्प्याटप्प्यानें उतरविण्याची रीति डॉक्टर जाणतात.

धोक्याचीं लक्षणें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावीं. हांक मारून, हलवून जाग येत नाहीं. श्वास फार मंद किंवा अडखळत चालला आहे. घशांत घरघर आहे. ओठ वा नखें निळसर दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत. अशा वेळीं 'आज आजींना छान झोप लागली आहे, उठवूं नका' असें म्हणणें घातक होय. महाराष्ट्रांत व गोव्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास चालू असेल तर रोग्याला कुशीवर वळवावें, एकटें सोडूं नये, आणि वही बरोबर न्यावी. नॅलोक्सोन नांवाचें उताऱ्याचें औषध आहे, आणि तें वेळेवर मिळालें तर बंद पडत चाललेला श्वास परत येतो.

इतकें वाचल्यावर कोणी म्हणेल, 'मग हीं औषधें नकोतच!' असा ग्रह झाला तर आमच्या लिहिण्याचा उपयोग होण्याऐवजीं अपायच होईल. कर्करोगानें तळमळणाऱ्या वडिलांना मॉर्फिन द्यावें असें डॉक्टर सांगतात, आणि घरची मंडळी 'नको, संवय लागेल' किंवा 'तें शेवटचें औषध' म्हणून तें नाकारतात. असें सुशिक्षित घरांतही घडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ मध्येंच कर्करोगाच्या वेदनांसाठीं पायरीपायरीनें औषधें देण्याची पद्धति सांगितली, आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन ठेवलें. नीमच व गाझीपूर येथें सरकारी कारखान्यांत अफूपासून औषधें तयार होतात; म्हणजे तें आपल्याच देशांत बनतें. केरळांत कोळिकोड येथें १९९३ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेनें तेंच मॉर्फिन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत घेऊन असाध्य रोग्यांच्या वेदना घरच्या घरीं कशा हलक्या करतां येतात तें दाखवून दिलें. आपल्या संसदेनेंही २०१४ मध्यें कायद्यांत दुरुस्ती करून अशीं आवश्यक औषधें रोग्यांपर्यंत पोहोंचण्याचा मार्ग सुलभ केला. मग घरच्यांनींच दार कां अडवावें?

वेदना सोसण्यांत पुण्य आहे असें मानणारी एक पिढी आपल्याकडे होती, आणि तिच्या सोशिकपणाबद्दल आम्हांस आदरच आहे. पण आपल्या भीतीसाठीं दुसऱ्याला सोसावयास लावण्यांत कसलें पुण्य? ज्या घरांत वही आहे, त्या घराला अशी भीति बाळगण्याचें कारण उरत नाहीं. काल किती दिलें, आज किती दिलें, झोप कशी होती, वेदना किती उरली हें डॉक्टरांपुढें मांडतां आलें, तर तेही निःशंकपणें पुरेशी मात्रा लिहूं शकतात. माहितीच्या अभावीं डॉक्टर एक तर हात आंखडता घेतात, नाहीं तर अंधारांत चालतात. आणि दोन्हींचा भुर्दंड रोग्यालाच पडतो.

सुज्ञ वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. येत्या रविवारीं दुपारच्या जेवणानंतर घरांतील सर्व डबे, पिशव्या, पट्ट्या आणि चिठ्ठ्या एका सतरंजीवर मांडाव्या. ज्याचें अक्षर बरें असेल त्यानें लेखणी घ्यावी आणि आजी-आजोबांना मध्यें बसवून एकेक नांव वाचून घ्यावें. तास दीड तासाचें काम आहे. एकच घटक दोन पट्ट्यांत आढळला, तर सोमवारीं सकाळीं प्रथम डॉक्टरांना फोन करावा. तोंवर मात्र स्वतः होऊन कांहीं वाढवूं नये, आणि कांहीं तोडूंही नये.